हे चित्र कशाचं? कशाचंच नाही!

दोस्तांनो, डिसेंबर २०१३ मधली गोष्ट. मुंबईत चित्रांचा एक मोठा लिलाव झाला. त्यात एक चित्र तब्बल २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं! चित्रकाराचं नाव वासुदेव गायतोंडे. आता एवढी किंमत म्हणजे त्या चित्रात काय काय असेल? राजवाडा? लढाई? निदान एखादा पांढराशुभ्र घोडा तरी? छे! घोडा नाही, माणूस नाही, झाडाचं पानसुद्धा नाही. नुसता रंग, आणि त्या रंगात मधूनच तरंगल्यासारखे दिसणारे काही आकार. चित्राला नावदेखील नाही.

पेपरात ही बातमी वाचून पुष्कळ घरांतून एकच उद्गार निघाला असेल : "याला काय चित्र म्हणायचं? याहून बरं तर आमचा बंड्या काढतो!"

तर बंड्या, हा लेख तुझ्यासाठी. आणि तुझ्या धाकट्या बहिणीसाठीही. कारण असल्या चित्रांतलं त्या चिंगीला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, असा माझा पक्का संशय आहे. किमतीचा विषय मात्र इथेच सोडून देऊ. दोन श्रीमंत माणसं हट्टाला पेटली की लिलावात किंमत चढत जाते. त्यावरून चित्र चांगलं की वाईट हे काही ठरत नाही.

अशा चित्रांना म्हणतात अमूर्त चित्रं. मूर्त म्हणजे ज्याला ओळखता येईल असं रूप आहे ते : आंबा, घोडा, शेजारचे जोशीकाका. अमूर्त चित्रात ओळखीचं असं काही नसतं. असतात फक्त रंग, रेषा, आकार आणि मोकळी जागा. असं चित्र समोर आलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "हे कशाचं चित्र आहे?" प्रश्न काही वाईट नाही. आंब्याच्या चित्रापुढे तो अगदी बरोबर आहे. पण हाच प्रश्न एकदा दारातल्या रांगोळीपुढे विचारून बघा! आजी ठिपके मांडते, रेषेनं ते जोडते, मधल्या पाकळ्यांत हळद-कुंकू भरते. तुम्ही विचारा, "आजी, ही रांगोळी कशाची गं?" आजी म्हणेल, "कशाची म्हणजे? रांगोळीची!" आणि आजीचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे.

गोधडीवरचे चौकोन कशाचे असतात? खणाच्या काठावरची नक्षी कशाची? तबल्यावर 'धा धिं धिं धा' वाजलं, की आपण कधी विचारतो का, "याचा अर्थ काय हो?" गवई तराणा म्हणतो तेव्हा त्यात धड वाक्यसुद्धा नसतं. 'तोम, तनन, देरेना' एवढंच. तरी आपण मान डोलावतोच ना? म्हणजे कशाचंच नसलेलं आपण रोज बघतो, रोज ऐकतो, आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते फक्त चौकट लावून भिंतीवर टांगल्यावर! चौकटीतल्या चित्राला काहीतरी 'समजलं' पाहिजे अशी आपल्याला धास्तीच असते.

आता एक गंमत करा. एका कागदावर शेजारी शेजारी दोन आकार काढा. एक गुबगुबीत, सगळीकडून गोल गोल, पातळ पिठाचा गोळा तव्यावर पसरावा तसा. दुसरा टोकदार, काच फुटल्यासारखा, चहूबाजूंनी कोनच कोन. मग चिंगीला सांगा, "यातल्या एकाचं नाव बूबा आणि एकाचं किकी. बूबा कोणता?"

काय म्हणाली? बहुतेक गोल आकारावरच बोट ठेवलं असणार. रामचंद्रन आणि हबर्ड या दोन शास्त्रज्ञांनी २००१ साली हा प्रयोग लिहून प्रसिद्ध केला. अमेरिकेतले विद्यार्थी असोत की भारतातले तमिळ बोलणारे लोक, शंभरातले ९५ किंवा त्याहूनही जास्त जण गोल आकारालाच बूबा म्हणाले. पुढे २००६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अडीच वर्षांच्या पिल्लांवर असाच प्रयोग केला, तर तीही मोठ्यांच्याच बाजूची निघाली. मजा बघा, बूबा आणि किकी हे शब्दही निरर्थक आणि ते आकारही कशाचेच नाहीत! तरीसुद्धा एक मऊ वाटतो आणि एक बोचरा. कुणी शिकवलं? कुणीच नाही. रेषेला स्वभाव असतो, आणि तो आपल्याला न सांगता कळतो. अमूर्त चित्रकाराचं भांडवल म्हणाल तर हेच.

(रंगांचं मात्र इतकं सरळ नसतं हं. पांढरी साडी म्हटलं की आपल्याकडे कितीतरी घरांत आजही कुणी कुणी चपापतं, आणि युरोपातली नवरी पांढऱ्याशुभ्र झग्यात मिरवते. तेव्हा 'लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती' असली पाठांतरं करू नका.)

पण मग ज्यांना हुबेहूब काढता येत नाही तेच लोक असली चित्रं काढतात का? ही शंकाही बऱ्याच जणांना असते. तिच्यासाठी आपण जरा हॉलंडला जाऊन येऊ.

पीट मोंद्रियान हा चित्रकार १८७२ साली हॉलंडमध्ये जन्मला. सुरुवातीला तो काढायचा नद्या, पवनचक्क्या, शेतं आणि झाडं. अगदी व्यवस्थित, ओळखू येतील अशी. १९०८ च्या सुमारास त्यानं एक झाड रंगवायला घेतलं. एका अंगाला झुकलेलं, पानं नसलेलं, फांद्या लाल आणि मागे गडद निळाई. झाड लाल असलं तरी ते झाडच आहे, कुणीही सांगेल. १९११ मध्ये त्यानं पुन्हा झाड काढलं. या वेळी सगळं करडं. फांद्यांच्या कमानीच कमानी झाल्या आहेत आणि फांद्यांमधलं आकाशसुद्धा फांद्यांइतकंच घट्ट दिसतं. पुढच्याच वर्षी त्यानं फुललेलं सफरचंदाचं झाड काढलं. त्यात झाड शोधायला डोळे बारीक करावे लागतात. उरले आहेत ते एकमेकांना छेदणारे वाकडे वाकडे पापुद्रे. ही तिन्ही चित्रं आज हॉलंडमधल्या हेग शहरातल्या संग्रहालयात आहेत. त्यांचे फोटो मिळाले तर एकाखाली एक ठेवून बघा. तीन पायऱ्या उतरून आल्यासारखं वाटतं.

उसातून रस काढतात तसं काहीसं तो करत होता. चोथा बाजूला, रस भांड्यात. झाडाची साल, पानं, पक्ष्याचं घरटं हे सगळं त्यानं बाजूला ठेवलं. ठेवली फक्त फांद्यांची ओढाताण : ही इकडे खेचते, ती तिकडे, आणि दोघींच्या मध्ये झाड तोल सांभाळून उभं राहतं. अशी आणखी काही वर्षं गेली, आणि १९२० नंतरच्या त्याच्या चित्रांत राहिल्या काळ्या उभ्या-आडव्या सरळ रेषा आणि लाल, पिवळे, निळे चौकोन. झाडाचं नावनिशाण नाही! मात्र ओढाताण आणि तोल तसाच. एखाद्या कोपऱ्यातला चिमुकला लाल चौकोन समोरच्या मोठ्या पांढऱ्या जागेला पुरून उरतो. खोटं वाटत असेल तर तो चौकोन अंगठ्यानं झाका. बाकीचं चित्र एका बाजूला कलंडल्यासारखं दिसेल.

मला स्वतःला त्याची ही चौकोनी चित्रं थोडी कडक इस्त्रीची वाटतात. पण म्हातारपणी, १९४० मध्ये, तो न्यूयॉर्कला गेला. तिथले काटकोनात एकमेकांना छेदणारे रस्ते आणि बुगी-वुगी नावाचं उडत्या ठेक्याचं संगीत त्याच्या अंगात भिनलं. १९४२-४३ मध्ये त्यानं रंगवलेल्या 'ब्रॉडवे बुगी-वुगी' या चित्रातून काळ्या रेषा पार पळून गेल्या आहेत. पिवळ्या पट्ट्यांवरून लाल, निळे, करडे ठिपके टुणटुण उड्या मारतात. चिंगीला हे चित्र दाखवून सांगा, "बोटानं यावर ठेका धर." न शिकवता धरेल.

याच मोंद्रियानची आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे बंड्याला हसायला होईल. १९४१ मध्ये त्यानं रंगीत चिकटपट्ट्या लावून एक चित्र करायला घेतलं होतं. ते अर्धवटच राहिलं. १९८० पासून हे चित्र जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरातल्या संग्रहालयात आहे. २०२२ मध्ये तिथल्याच एका अभ्यासक बाईंच्या लक्षात आलं, की अरे, हे चित्र तर आपण इतकी वर्षं उलटं टांगलंय! १९४४ मध्ये काढलेल्या मोंद्रियानच्या स्टुडिओच्या फोटोत तेच चित्र घोडीवर आहे, आणि आपण ज्याला खाल म्हणतो ती बाजू तिथे वर आहे. झाली ना फजिती? आणि गंमत म्हणजे चित्र अजून सुलटं केलेलंच नाही. जुन्या पट्ट्या सुटून पडतील या भीतीनं ते आहे तसंच ठेवायचं ठरलं.

"बघा! तज्ज्ञांनाच कळत नाही, मग आम्हाला काय कळणार?" हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हसा खुशाल. पण हसून झालं की ही गोष्ट पुन्हा एकदा नीट बघा. त्या बाईंना शंका का आली? कारण त्या चित्रात एका बाजूला पट्ट्या दाटीवाटीनं आल्या आहेत. ती दाटी खाली असली की वजन तळाला बसतं, वर असली की भरून आलेल्या आभाळासारखी वाटते. म्हणजे कशाचंच नसलेल्या चित्रालाही वर-खाल असते, आणि ती बदलली की चित्र बदलतं. तुमच्या मराठीच्या वहीचं पान उलटं धरलं तर ते वाचता येत नाही एवढंच. इथे मात्र भलतंच काहीतरी वाचलं जातं!

आता बंड्याचा मूळ मुद्दा. "हे तर मीही काढीन!" यावर अमेरिकेत चक्क एक अभ्यास झालाय, २०११ मध्ये. बोस्टनमधल्या दोघी संशोधकांनी विद्यार्थ्यांपुढे चित्रांच्या जोड्या ठेवल्या. जोडीतलं एक चित्र नावाजलेल्या अमूर्त चित्रकाराचं. दुसरं एखाद्या लहान मुलाचं, नाहीतर चिंपांझीचं, माकडाचं किंवा हत्तीचं! हो, हत्ती सोंडेत ब्रश धरून रंग फासतात. दोन्ही चित्रं दिसायला बरीच सारखी. कधी खाली नावंच नव्हती, आणि कधी मुद्दाम उलटी नावं लावली होती. "यातलं चांगलं कोणतं?" असं विचारल्यावर विद्यार्थ्यांनी साधारण ६० ते ७० टक्के वेळा चित्रकाराचंच चित्र निवडलं, खाली 'हत्ती' असं लिहिलेलं असलं तरीसुद्धा. नाणं उडवून निवडलं असतं तर ५० टक्के झालं असतं. तेव्हा काहीतरी कळतं खरं. पण उरलेल्या ३० ते ४० टक्के वेळा माकडानं किंवा शेंबड्या पोरानं बाजी मारली, हेही विसरू नका. निकाल दोन्ही पक्षांना थोडा थोडा अनुकूल आहे.

आणि ज्यांच्यापासून आपण सुरुवात केली ते गायतोंडे काम कसे करत ते बघा. १९२४ साली नागपुरात जन्म, घराणं मूळचं गोव्याचं, १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका. आधी त्यांनी माणसंही काढली होती, छान काढली होती. पुढे ती हळूहळू नाहीशी झाली. ते कॅनव्हासवर रोलरनं रंगाचा थर द्यायचे. मग पॅलेट नाइफनं, म्हणजे बोथट पातळ सुरीनं, त्यातला काही खरवडायचे. मग पुन्हा थर. कुठे कागदाचे कपटे दाबून रंग टिपून घ्यायचे. खालचा रंग वरच्यातून झिरपल्यासारखा दिसायला लागतो तो यामुळे. पावसाळ्यात जुन्या भिंतीवर ओल येते तेव्हा पोपड्यांखालून आधीचे रंग डोकावतात, ते आठवा. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं पुरी व्हायची. बाकीचा वेळ? बसून राहायचे. त्यांच्या मते तेही कामच होतं. आपल्या चित्रांना कुणी अमूर्त म्हटलेलंही त्यांना पसंत नव्हतं. ते वस्तुनिरपेक्ष म्हणत, म्हणजे कुठल्याच वस्तूवर अवलंबून नसलेली. २००१ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

आता दोन शब्द आईबाबांशी. मुलांनो, तुम्हीही कान द्या, कारण घरातल्या छोट्याशी बोलताना तुम्हीही हेच करता.

दोन वर्षांचं मूल हातात खडू आला की रेघोट्या ओढतं. हे काही कशाचं चित्र नसतं. हात फिरवला की मागे खूण उमटते, याचाच त्याला केवढा आनंद! रोडा केलॉग या अमेरिकन बाईंनी आयुष्यभर लहान मुलांची लाखो चित्रं जमवली आणि त्यांतून रेघोट्यांचे वीस मूळ प्रकार वेगळे काढले : ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, गुंता, वेटोळं, वगैरे. घर आणि सूर्य फार नंतर येतात. तोवर ते मूल अमूर्त चित्रकारच असतं.

आणि आपण काय करतो? कौतुकानं विचारतो, "अगं बाई, हे काय काढलंस?" पोर एकदा कागदाकडे बघतं, एकदा आपल्या तोंडाकडे, आणि आपली अपेक्षा ओळखून म्हणतं, "हत्ती!" लगेच आपला दुसरा प्रश्न, "मग सोंड कुठाय?" झालं! त्या दिवसापासून ते बिचारं सोंडा काढायला लागतं. पाचवी-सहावीत जाऊन "मला चित्र येत नाही" म्हणणारी मुलं या सोंडेपासूनच तयार होतात, असं मला फार वाटतं. त्यापेक्षा "सुरुवात कुठून केलीस?" असं विचारा. "ही रेघ किती जोरात धावलीय!" म्हणा. "इथे पिवळाच का घेतलास?" म्हणा. आणि काहीच सुचलं नाही तर शेजारी बसून नुसतं बघा.

नुसतं बघण्यावरून सय्यद हैदर रझा आठवतात. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात १९२२ साली जन्मलेला हा मुलगा शाळेत फार चुळबुळ्या होता. एक दिवस गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, इथे बस आणि याच्याकडे बघत राहा. आजकाल आपण याला शिक्षा म्हणू! रझा पुढे नागपूरला आणि मुंबईला चित्रकला शिकले, १९५० मध्ये फ्रान्सला गेले, तिथे घरं, चर्च, डोंगर पुष्कळ रंगवले. आणि पन्नाशी उलटल्यावर तो ठिपका त्यांच्या चित्रात परत आला, मोठ्या काळ्या बिंदूच्या रूपात. मग २०१६ मध्ये जाईपर्यंत त्या बिंदूनं काही त्यांना सोडलं नाही.

तेव्हा सुट्टीत मुंबईला जाणं झालं तर काळा घोड्याजवळचं जहांगीर कलादालन आणि त्याच्या जवळचंच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बघा. कोणतं प्रदर्शन चालू आहे याची आधी चौकशी करा. चिंगीला सोबत न्या, पण सगळी दालनं फिरवून तिचे पाय दुखवू नका. तीन चित्रं पुरेत, आणि ती तिनंच निवडायची. प्रत्येकासमोर जमिनीवर फतकल मारून बसायचं. सगळ्यात आधी कोणता रंग लावला असेल? कुठे घाई केलीय? यातून आवाज आला तर तो ढोलाचा येईल की बासरीचा? एकदा लांबून बघायचं, एकदा जवळून, पण हात मागे बांधून! एखादं चित्र नाही आवडलं तर तसं सरळ म्हणायचं आणि पुढे जायचं. चित्र काही रुसत नाही.

आणि घरी करायचा एक खेळ. एका कागदाच्या घड्या घालून चार घरं करा. पहिल्या घरात 'राग', दुसऱ्यात 'दाढदुखी', तिसऱ्यात 'पाऊस नुकताच थांबलाय', चौथ्यात 'शाळा सुटली'. तेलखडू घ्या आणि भरा. अट एकच : कुठलीही वस्तू काढायची नाही. डोळे नाहीत, दात नाही, ढग नाही, दप्तर नाही. फक्त रेषा, आकार आणि रंग. भावंडांनी आपापला कागद वेगळा बसून भरायचा आणि घरांचा क्रम गुपचूप बदलायचा. मग कागदांची अदलाबदल करून ओळखायचं, कोणतं घर कशाचं. दाढदुखी बहुतेक सगळ्यांना ओळखता येते. पाऊस थांबल्यानंतरचं घर मात्र अवघड आहे, ते भरताना हातात खडू घेऊन दोन मिनिटं खिडकीबाहेर बघावं लागतं.